बिनकामाचा दिवा

कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात तीन दिवे.
एक आकड्यांचा, एक मोठ्या अक्षरांचा,
तिसरा स्क्रोल लॉक.
सावद्याच्या या केळी-चेंबरवर बारा वर्षं बिलं टाइप करतोय,
तिसऱ्याला कधी कुणी कामाला लावलेलं पाहिलं नाही.
हजेरीपटावर नाव, अंगात गणवेश,
आणि साहेब कधी बोलावतच नाहीत,
असा एखादा असतोच प्रत्येक संस्थेत.

मार्चमध्ये दोन नंबरचं चेंबर रात्रीतून तापलं.
सकाळी दार उघडलं तर माल नंतर दिसला,
वास आधी बाहेर आला.
घनश्यामशेठ म्हणाले, भोंगा बसवा.
बसवला.
अर्धा अंश हलला तरी बोंबलायचा,
ओट्यावरचे हमाल उठून माझ्या आईचं नाव घ्यायचे,
चौथ्या रात्री कुणीतरी त्यात सरकीसकट कापूस कोंबला.

तेव्हा मला तिसरा आठवला.

लिनक्समध्ये सगळ्याचीच फाइल असते, दिव्याचीही.
आत एक लिहिला की उजेड,
शून्य लिहिलं की अंधार.
इतकं थोडं लिहून काही घडतं
हे मला बिलं लिहिणाऱ्याला नवीनच होतं.
पण घडेना.
परवानगी नाही, म्हणालं यंत्र.
पुढे सुडो लावला, पासवर्ड दिला,
तरी परवानगी नाही.
दीड तास गेला कळायला:
हुकूम रूटचा होता,
फाइलकडे जाणारा बाण मात्र अजून माझ्याच हातचा,
साध्या कारकुनाच्या.
मग टी नावाच्या तोटीतून तो एक आकडा आत सोडला
आणि कोपऱ्यात
हिरवा.
मी खुर्चीतून उठून दोनदा बसलो.

रात्रीचा राखणदार सिकंदर तडवी, पालकडचा.
त्याला दाखवलं: हा लागला की मला उठव.
नाही लागला तर खुशाल झोप.
त्यानं बिडी कानावर ठेवली, बराच वेळ पाहिलं.
'भो, हा इझेल हाये
म्हंजे चेंबर बरं हाये,
का दिवाच मेला,
हे मले कसं कयनार?'

मला उत्तर आलं नाही.
त्यानंच सांगितलं, आपलं असंच, बिडी पेटवता पेटवता,
सातपुड्यात ज्वारी राखायचे तेव्हाचं:
चार शेतांत चार माळे, रानडुकरांची भीती,
रात्रभर एकमेकांना हाळी.
हाळी आली की कूस बदलून झोपायचं.
हाळी थांबली,
की सगळे काठ्या घेऊन निघायचे.

ट्रिगरच्या फाइलीत नावांची रांग होती.
त्यात एक हार्टबीट.
कुण्या दूरच्या माणसाला वाटलं असेल
दिव्याला काळीज असावं,
त्यानं तसं लिहून ठेवलं आणि तो पुढे गेला.
दोन ठोके पटपट, मग विसावा.
यंत्रावर भार वाढला की ठोकेही वाढतात.
आता चेंबर सोळा-सतरावर आहे तोवर दिवा धडधडतो,
तापलं की थांबतो,
लाइट जाऊन बॅटरी संपली तरी थांबतो,
वायर उंदरानं खाल्ली तरी थांबतो.
काय झालं ते सांगत नाही.
फक्त गप्प होतो.

परवा रात्री अडीचला सिकंदर माझ्या दारात.
अनवाणी, हातात काठी.
'बंद पडलाय भो.'
लुंगीवरच धावलो.
चेंबर सोळावर, केळी थंडगार, गाढ.
शेठनी केळीचा चीक पुसायला
कीबोर्ड उपटून टेबलाखाली ठेवला होता, तेवढंच.

पुन्हा जोडला तर दिव्याचं नावच बदललेलं:
काल इनपुट चार, आज इनपुट एकोणीस.
याला कायमचा नियम लिहून ठेवायला हवा,
उद्या लिहीन, हे मी गेले तीन महिने म्हणतोय.
नवा पत्ता शोधून पुन्हा तेच सगळं टाइप केलं.
सिकंदर काठी न टेकता मागे उभा.
दोन ठोके. विसावा. दोन ठोके.

'हां,' तो म्हणाला, 'दिली हाळी,'
आणि कानावरची बिडी शोधू लागला.